कण्याची ठेवण, श्रोणीचा कल आणि वेगवान गोलंदाजी

खेळाडूच्या शरीराची पाहणी करण्याची एक जुनी रीत महाराष्ट्रातील तालमींपासून शाळांच्या कवायतीपर्यंत सर्वत्र रूढ आहे. मुलाला सरळ उभे करावयाचे, मागून व बाजूने त्याच्याकडे पाहावयाचे, आणि खांदे एका पातळीत आहेत की नाहीत, पाठीला पोक आहे काय, कंबर फार आत गेली आहे काय, हे ठरवावयाचे. ‘छाती पुढे, पोट आत’ ही आज्ञा या पाहणीतूनच निघते. तिच्या मुळाशी एक गृहीत असते: कणा जितका सरळ आणि कमरेचे हाड जितके समतल, तितकी खेळातील कामगिरी सरस व दुखापतीचे भय कमी. हे गृहीत कितपत टिकते, याचा शोध गेल्या चार-पाच दशकांत कॅमेरे, बलमापक फलक आणि चुंबकीय प्रतिमा यांच्या साहाय्याने घेतला गेला आहे. त्यातून जे निष्पन्न झाले ते या गृहीतकाला पूर्णतः पोषक नाही, आणि त्याला सर्वस्वी मोडीत काढणारेही नाही. उभ्या शरीराची ठेवण आणि भार झेलणाऱ्या, वेगाने हलणाऱ्या शरीराची ठेवण या दोन निरनिराळ्या गोष्टी असून खेळाडूचे भवितव्य मुख्यतः दुसरीवर अवलंबून असते. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजीच्या अभ्यासावरून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

प्रथम शरीररचनेकडे वळणे आवश्यक आहे. पाठीच्या कण्यात सामान्यतः ३३ मणके असतात: मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५, आणि त्याखाली परस्परांशी जुळून गेलेले त्रिकास्थीचे ५ व माकडहाडाचे ४. समोरून पाहता हा स्तंभ जवळजवळ सरळ दिसतो. पण बाजूने पाहता मान व कंबर येथे तो पुढे झुकतो, तर पाठ व त्रिकास्थी येथे मागे जातो. म्हणजे ‘ताठ कणा’ हा शब्दप्रयोग शरीरशास्त्राच्या दृष्टीने फारसा अर्थपूर्ण नाही. निरोगी कणा वक्रच असतो आणि त्या वक्रतेमुळेच तो धक्के सोसू शकतो.

या स्तंभाचा पाया म्हणजे श्रोणी, अर्थात कमरेच्या हाडांचे कडे. मागच्या बाजूस त्रिकास्थी त्यात पाचरीसारखी बसलेली असते. त्या सांध्याची हालचाल अगदी अल्प, काही अंशांपुरतीच असते. खाली दोन्ही बाजूंच्या खुब्याच्या खोबणींत मांडीच्या हाडांचे गोल फिरतात. जमिनीकडून पायांत चढणारे प्रत्येक बल याच कड्यातून कण्यात जाते आणि धडातून निघणारे प्रत्येक बल याच मार्गाने पायांत उतरते. म्हणून श्रोणी किंचित पुढे कलली तर कमरेची वक्रता वाढते, मागे कलली तर कमी होते. पाया हलला की वरचा स्तंभ स्वतःला जुळवून घेतो.

तर मग श्रोणीचा योग्य कल कोणता? येथेच रूढ पाहणीची पहिली अडचण उभी राहते. १९९० नंतरच्या दशकात फ्रेंच संशोधकांनी एका कोनाकडे लक्ष वेधले. त्रिकास्थीच्या वरच्या पृष्ठावर काढलेला लंब आणि त्या पृष्ठाच्या मध्यापासून मांडीच्या हाडांच्या गोलांच्या मध्यबिंदूपर्यंत काढलेली रेषा यांमधील हा कोन होय. श्रोणीचा कल माणसाच्या उभे राहण्याबरोबर बदलतो. हा कोन मात्र बदलत नाही, कारण तो हाडांच्या आकाराचा आहे. वाढीच्या वयात तो वाढत जातो आणि प्रौढपणी स्थिर होतो. सरासरीने तो ५० ते ५५ अंशांच्या आसपास भरतो. तथापि निरोगी माणसांतही कोणाचा ३५ अंशांच्या जवळ, तर कोणाचा ८० अंशांच्या घरात जातो. ज्याचा कोन मोठा, त्याला तोल राखण्यासाठी कमरेची वक्रता अधिक ठेवावीच लागते. ज्याचा लहान, त्याची कंबर स्वभावतःच सपाट असते. पहिल्याला ‘कंबर सरळ कर’ असे सांगणे म्हणजे त्याच्या हाडांना त्यांचा आकार विसरावयास सांगण्यासारखे आहे.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. श्रोणीचा कल बाहेरून अजमावण्यासाठी कमरेच्या हाडाचे पुढचे व मागचे टोक बोटांनी चाचपून त्या दोहोंना जोडणारी रेषा क्षितिजाशी किती कोन करते हे पाहिले जाते. २००८ साली ३० मृतदेहांच्या श्रोणींवर केलेल्या अभ्यासात, सर्व श्रोणी एकाच प्रमाण स्थितीत ठेवूनही हा कोन ० पासून २३ अंशांपर्यंत निरनिराळा आढळला. याचा अर्थ असा की, दोन माणसांच्या कलात दिसणारा वीस अंशांचा फरकसुद्धा केवळ हाडांच्या घडणीतला असू शकतो. स्नायूंचा त्यात काही दोष असेलच असे नाही. २०११ साली कोणतीही तक्रार नसलेल्या १२० व्यक्तींची पाहणी झाली, तेव्हा ८५ टक्के पुरुषांत व ७५ टक्के स्त्रियांत श्रोणी पुढे कललेली आढळली. जी स्थिती बहुसंख्य निरोगी माणसांची आहे तिला विकृती म्हणणे तर्काला धरून नाही. तरीही ‘श्रोणी पुढे कलली आहे’ असे निदान करून व्यायामाचे तक्ते हाती देण्याचा उद्योग सर्वत्र जोरात चालू आहे.

जगातील काही श्रेष्ठ खेळाडूंची शरीरेही या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहेत. जमैकाचा धावपटू उसेन बोल्ट याला जन्मतःच कण्याचा पार्श्ववक्र आहे आणि त्याने ते स्वतः अनेकदा सांगितले आहे. २००९ साली बर्लिन येथे ९.५८ सेकंदांत १०० मीटर धावणारा हाच खेळाडू. २०१७ साली अमेरिकेतील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या एका शर्यतीतील पावलांचे विश्लेषण केले, तेव्हा उजव्या पावलाचा जमिनीवरील कमाल आघात डाव्यापेक्षा सुमारे १३ टक्के अधिक आणि डाव्या पावलाचा जमिनीवरील मुक्काम सुमारे १४ टक्के अधिक असल्याचे दिसून आले. अमेरिकन वजन-उचलपटू लमार गँट याचाही कणा वक्र होता. ६० किलोच्या वजनी गटात त्याने १९८५ साली आपल्या वजनाच्या सुमारे पाचपट वजन जमिनीवरून उचलले. या दोन उदाहरणांवरून वक्र कणा लाभदायक असतो असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. बोल्टला कारकिर्दीच्या आरंभी मांडीच्या दुखापतींनी बराच त्रास दिला होता आणि कण्याच्या आधाराचे व्यायाम त्याला सातत्याने करावे लागले. परंतु सममिती ही श्रेष्ठ कामगिरीची पूर्वअट नाही, एवढे तरी यातून निश्चित होते.

येथपर्यंतचे विवेचन वाचून कण्याच्या ठेवणीला काहीच महत्त्व नाही, असे कोणास वाटेल. तसे नाही. तिचे महत्त्व हालचालीत प्रकट होते. वेगाने धावणाऱ्याच्या मांडीचे मागचे स्नायू श्रोणीच्या तळाशी असलेल्या आसनास्थीपासून निघून गुडघ्याखाली जातात. पाय पुढे फेकला जात असताना, तो जमिनीला लागण्यापूर्वीच्या क्षणी, हे स्नायू सर्वांत अधिक ताणलेले असतात. त्याच क्षणी श्रोणी पुढे कलली तर आसनास्थी मागे व वर जाते आणि ताणात भर पडते. २००७ साली संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे असे दाखविण्यात आले की, या ताणावर दुसऱ्या पायाच्या खुब्याला वाकविणाऱ्या स्नायूंचा फार मोठा प्रभाव असतो, कारण ते स्नायू श्रोणीला पुढे ओढतात. एका मांडीच्या इजेचे कारण दुसऱ्या बाजूच्या कमरेत असू शकते, ही गोष्ट उभ्या खेळाडूकडे कितीही वेळ पाहत राहिले तरी कळणार नाही.

वेगवान गोलंदाजीत हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राहतो. गोलंदाज धावत येतो, उडी घेतो, मागचे पाऊल टेकतो, मग पुढचे पाऊल रोवतो आणि त्या पावलाभोवती सर्व शरीर वळवून हात खाली आणतो. पुढचे पाऊल रोवले जाताना जमिनीकडून येणारे ऊर्ध्व बल अनेक मोजमापांत शरीराच्या वजनाच्या पाच ते नऊ पटींपर्यंत आढळले आहे. ७० किलो वजनाच्या गोलंदाजाला प्रत्येक चेंडूस साडेतीनशे किलोंहून अधिक भाराचा धक्का बसतो असा याचा अर्थ. दिवसभरात त्याने वीस षटके टाकली तर हा धक्का निदान १२० वेळा बसेल, आणि सरावातील चेंडूंचा हिशेब निराळाच. शिवाय त्या क्षणी कणा सरळ नसतो. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याची कंबर तेव्हा मागे झुकलेली, डावीकडे वाकलेली आणि त्याच वेळी वळत असलेली असते. तिन्ही हालचाली आणि सर्वांत मोठा धक्का अशा रीतीने एकाच क्षणी एकत्र येतात.

याचा परिणाम मणक्याच्या एका लहानशा भागावर होतो. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूस हाडाची एक कमान असते. तिच्यातील वरच्या व खालच्या सांध्यांच्या मधला भाग अरुंद असतो. कणा मागे व बाजूला वाकून वळला की खालच्या मणक्याचा सांधा या अरुंद भागावर दाबला जातो. एक-दोनदा दाबल्याने काही होत नाही. एखादी तार वारंवार वाकविली तर अखेरीस तुटते, तसा हा भाग शेकडो आवर्तनांनंतर तडकतो. ही चीर बहुधा कमरेच्या चौथ्या किंवा पाचव्या मणक्यात आणि गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूस आढळते: उजव्या हाताच्या गोलंदाजाला डावीकडे, डाव्या हाताच्या गोलंदाजाला उजवीकडे. सर्वसाधारण लोकांतही सुमारे ६ टक्के प्रौढांत अशी चीर असते आणि पुष्कळांना तिचा पत्ताही नसतो. परंतु गोलंदाजाच्या वाट्याला ती येते तेव्हा ती बहुधा वेदना घेऊन येते आणि महिनोन्महिने त्याला मैदानाबाहेर ठेवते.

ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना कमरेच्या मणक्यांतील अशा चिरांमुळे खेळ सोडून बसला. त्या काळी अशी दुखापत म्हणजे कारकिर्दीचा अंत असेच मानले जाई. त्याचे धड प्लास्टरमध्ये ठेवण्यात आले; त्यानंतर पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक फ्रँक पाइक यांनी त्याच्यासाठी व्यायामाचा दीर्घ कार्यक्रम आखला. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये लिली कसोटी सामन्यांत परतला आणि १९८४ साली निवृत्त होईपर्यंत त्याने ३५५ बळी मिळविले. त्याच विद्यापीठात पुढे या दुखापतीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

तेथील फॉस्टर, एलियट प्रभृतींनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. सरासरी सतराएक वर्षे वयाच्या ८२ होतकरू वेगवान गोलंदाजांची हंगामाच्या आरंभी मोजमापे घेतली गेली आणि हंगामभर त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. हंगाम संपेपर्यंत ११ टक्के गोलंदाजांच्या मणक्याला चीर गेली आणि आणखी २७ टक्क्यांच्या पाठीच्या स्नायूंना वा अन्य मऊ भागांना इजा झाली. ज्यांना चीर गेली त्यांच्यात दोन गोष्टी उठून दिसल्या: अतिरिक्त गोलंदाजी आणि खांद्यांचे ‘उलट वळण’.

हे उलट वळण म्हणजे काय, हे समजावून घेणे अगत्याचे आहे. कारण कणा व श्रोणी यांच्या परस्परसंबंधाचा सारा प्रश्न त्यात सामावलेला आहे. गोलंदाजीच्या दोन शुद्ध रीती मानल्या जातात. एकीत मागचे पाऊल टेकताना खांदे व श्रोणी ही दोन्ही फलंदाजाला आडवी असतात. दुसरीत दोन्ही फलंदाजाच्या समोर उघडलेली असतात. दोन्हींत खांद्यांची रेषा आणि श्रोणीची रेषा एकमेकींशी जुळलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यामधल्या कमरेला पीळ बसत नाही. मिश्र रीतीत मात्र श्रोणी एका दिशेला व खांदे दुसऱ्या दिशेला असतात. पुष्कळदा गोलंदाज खांदे समोर ठेवून मागचे पाऊल टेकतो आणि मग चेंडू टाकण्यापूर्वी खांदे पुन्हा आडवे नेतो. हेच उलट वळण. ते ४० अंशांहून अधिक असलेल्यांत मणक्याला चीर जाण्याचे प्रमाण अधिक आढळले. आडवी रीत चांगली की समोरची, हा वाद प्रशिक्षकांत पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. मोजमापांनी त्याला निराळेच वळण दिले: दोन्ही रीती चालतात, त्यांची सरमिसळ चालत नाही.

त्यानंतरच्या अभ्यासांनी या चित्रात भर घातली आणि काही अंशी ते बदललेही. इंग्लंडच्या गोलंदाजांचा अभ्यास करून २०२१ साली लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या मणक्यांना इजा झाली होती त्यांचा मागचा खुबा मागचे पाऊल टेकताना अधिक वाकलेला असे आणि पुढचे पाऊल रोवताना त्यांची कंबर श्रोणीच्या मानाने अधिक मागे झुकलेली असे. म्हणजे दोष केवळ खांद्यांत शोधून भागणार नाही. मागच्या पायावर शरीर खचले की श्रोणी आपल्या जागी राहत नाही, आणि तिची उणीव कमरेचे खालचे दोन मणके भरून काढतात. गोलंदाजाच्या कमरेच्या दोन बाजूंचे स्नायू असमान असतात, हेही पूर्वी दुखापतीचे कारण समजले गेले होते. परंतु पुढे गणिती प्रतिरूपांवरून ही असमानता मणक्यावरील ताण वाढविण्याऐवजी कमी करीत असावी असे दिसून आले. असमान भाराला शरीराने दिलेले ते असमान उत्तर आहे. त्याची ‘दुरुस्ती’ करावयास निघालेल्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

प्रशिक्षकाच्या मनात येथे एक रास्त शंका येते. गोलंदाजाची रीत बदलली तर त्याचा वेग जाणार नाही काय? या शंकेपोटीच अनेक दोषयुक्त रीती तशाच ठेवल्या जातात. २०१३ साली वर्थिंग्टन, किंग व रॅन्सन यांनी २० उच्च दर्जाच्या गोलंदाजांच्या मोजमापांवरून दाखविले की, चेंडूच्या वेगातील ७४ टक्के फरक चार गोष्टींनी उलगडतो: धावत येण्याची गती, पुढचा गुडघा सरळ राहणे, पुढचे पाऊल टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत धड पुढे वाकण्याचे प्रमाण, आणि हात उशिरा खाली येणे. या यादीत खांद्यांचे उलट वळण नाही. कण्याला पिळणारी ही सवय गोलंदाजाला वेग देतेच असे नाही. ती सोडल्याने त्याचे फारसे काही जाणार नाही. सरळ गुडघ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तो वेग देतो, आणि जमिनीचा धक्काही अधिक झपाट्याने वर पोचवतो. तेथे वेग आणि मणका यांच्यात सौदा करावाच लागतो. तो किती करावयाचा हे गोलंदाजाचे वय व त्याच्या हाडांची पक्वता पाहूनच ठरविले पाहिजे.

वयाचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कमरेच्या मणक्यांची हाडे विशीच्या मध्यापर्यंत पूर्ण पक्व होत नाहीत. आणि होतकरू गोलंदाजावर शाळा, क्लब, जिल्हा व राज्य या साऱ्यांची मागणी नेमकी पंधरा ते एकवीस या वयात येऊन पडते. प्रत्येक संघाचा प्रशिक्षक फक्त आपल्या सामन्यातील षटके मोजतो. मुलाची एकूण षटके बहुधा कोणीच मोजत नाही. इंग्लंड व ऑस्ट्रेलियातील क्रिकेट मंडळांनी वयोगटानुसार षटकांवर मर्यादा घातल्या त्या याच कारणाने. रीत सुधारता येते, हेही सिद्ध झाले आहे: एलियट व खानगुरे यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण गोलंदाजांना तीन वर्षे लहान गटांत शिकविल्यावर त्यांचे उलट वळण कमी झाले आणि त्याबरोबर कमरेच्या चकत्यांची झीज होण्याचे प्रमाणही घटले.

भारतात या दुखापतीचे नाव सर्वांच्या तोंडी झाले ते जसप्रीत बुमराहमुळे. २०१९ साली त्याच्या कमरेत अशा प्रकारची चीर आढळली. २०२२ च्या विश्वचषकाला पाठीच्या दुखण्यामुळे तो मुकला. २०२३ च्या मार्च महिन्यात न्यूझीलंडमध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. २०२४ च्या वीस षटकांच्या विश्वचषकात तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या दुखापतीचा संबंध त्याच्या आगळ्या शैलीशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु एकट्या खेळाडूच्या उदाहरणावरून कारण ठरविता येत नाही, मग ते उदाहरण कितीही प्रसिद्ध असो.

बुमराहसारख्या खेळाडूला उत्तम वैद्यकीय साहाय्य मिळते. जिल्ह्याच्या संघातील सोळा वर्षांच्या मुलाला ते मिळत नाही, आणि खरी चिंता त्याचीच आहे. चीर स्पष्ट दिसू लागण्यापूर्वी हाडाच्या आतल्या भागात सूज येते. ती साध्या क्ष-किरण छायाचित्रात दिसत नाही, चुंबकीय प्रतिमेत दिसते. त्या टप्प्यावर गोलंदाजी थांबविली तर हाड बहुधा पूर्णपणे भरून येते. चीर पूर्ण गेल्यानंतर मात्र ते सांधेलच याची खात्री देता येत नाही. प्रत्येक जिल्ह्यात प्रतिमायंत्र उपलब्ध नसेल, तरी काही खुणा यंत्रावाचून ओळखता येतात: गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूस, कमरेच्या खालच्या भागात, बोट ठेवून दाखविता येईल अशी वेदना, मागे वाकताना, विशेषतः त्याच बाजूच्या पायावर उभे राहून मागे वाकताना तिचे वाढणे, आणि विश्रांतीने कमी होऊन पहिल्या दोन-तीन षटकांतच तिचे परत येणे. अशा मुलाला मलम चोळून पुढच्या सामन्यात उतरविणे म्हणजे भरून येऊ शकणाऱ्या हाडाला तडा जाऊ देणे होय. त्याला उभे करून त्याची श्रोणी समतल आहे की नाही हे पाहत बसण्यापेक्षा, साध्या भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने मागून व बाजूने त्याच्या गोलंदाजीचे मंदगती चित्रण करावे, मागचे पाऊल टेकताना खांद्यांची व श्रोणीची रेषा जुळते काय हे पाहावे, आणि त्याने आठवडाभरात सर्व संघांसाठी मिळून टाकलेल्या चेंडूंची एकच वही ठेवावी.